सव्वीस वर्षांत तीनशे नव्वद किलोमीटर

ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात १९९५ सालची एक मॅक्लारेन एफ वन स्पोर्ट्स कार विकली गेली. किंमत आली २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलर. इतकी किंमत का आली, ते तिच्या मीटरवरच दिसत होतं. गाडीचं रनिंग होतं जेमतेम ३९० किलोमीटर. पुण्याहून मुंबईला एकदा जाऊन आलं की तीनशे होतात. उरलेल्या नव्वदात साताराही येत नाही. याच मॉडेलच्या एका गाडीने १९९८ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या चाचणी मार्गावर ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला होता. म्हणजे त्या वेगाने एक तास पळाली असती तर जेवढं अंतर कापलं असतं, तेवढंच ही गाडी सव्वीस वर्षांत चालली.

ही बातमी वाचून मला वाईट वाटलं. गाडी माझी नाही, तशी गाडी मी कधी घेऊही शकणार नाही, तरी वाईट वाटलं. ते का, हे नीट मांडावं म्हणून हा लेख.

आधी ही गाडी काय आहे ते सांगायला हवं. एफ वन एकूण १०६ बनल्या, त्यातल्या रस्त्यावर चालवायच्या ६४. बाकीच्या बहुतेक शर्यतीच्या आणि चाचणीच्या. गॉर्डन मरे या डिझायनरने ड्रायव्हरची सीट बरोबर मधोमध ठेवली, कारण बाजूला बसलं की पुढच्या चाकाच्या जागेमुळे पेडल तिरके येतात आणि लांबच्या प्रवासात कंबर आणि पाय दुखतात. दोन सोबती ड्रायव्हरच्या जरा मागे, एक डावीकडे, एक उजवीकडे. वजन फक्त ११३८ किलो. बीएमडब्ल्यूचं बारा सिलिंडरचं इंजिन इतकी उष्णता फेकतं, की त्याच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावलाय. तो मिरवण्यासाठी नाही. उष्णता परतवायला सोन्याइतकं चांगलं काही त्यांना मिळालं नाही. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे मागच्या चाकांच्या पुढे, दोन्ही बाजूंना सामानाचे कप्पे आहेत आणि त्या कप्प्यांच्या मापाच्या बॅगा गाडीबरोबर मिळायच्या. जगातली सगळ्यात वेगवान गाडी बनवताना कुणीतरी विचार केला होता की हिचा मालक चार दिवसांचे कपडे घेऊन कुठेतरी जाईल.

पेबल बीचला विकली गेलेली गाडी कुठेच गेली नाही.

तिची एक बहीण मात्र खूप फिरली. विनोदी अभिनेता रोवन ॲटकिन्सनने १९९७ मध्ये एफ वन नवी घेतली आणि तो ती खरोखर चालवत राहिला. १९९९ मध्ये त्याने ती लँकशरमध्ये एका छोट्या गाडीला मागून ठोकली. दुरुस्त करून पुन्हा चालवली. ऑगस्ट २०११ मध्ये केंब्रिजशरच्या रस्त्यावर गाडी घसरली, झाडावर आणि रस्त्याच्या पाटीवर आदळली, पेटली. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. गाडी पाहून कुणीही तिला भंगारात काढली असती. दुरुस्तीचा खर्च आला ९ लाख १० हजार पौंड, म्हणजे गाडी नवी घेताना लागले त्याहून जास्त. विमा कंपनीने तो दिला, कारण तोवर गाडीची किंमत त्याच्या कितीतरी पट झाली होती. वर्षाहून अधिक काळ काम चाललं, गाडी उभी राहिली, आणि ॲटकिन्सनने ती पुन्हा रस्त्यावर आणली. २०१५ मध्ये विकली तेव्हा रनिंग ४१ हजार मैल, म्हणजे ६६ हजार किलोमीटर होतं. मिळाले सुमारे ८० लाख पौंड.

या दोन किमती शेजारी ठेवून "बघा, चालवूनही काही बिघडत नाही" असं म्हणायचा मोह होतो. ते खरं नाही. ८० लाख पौंड म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण सव्वा कोटी डॉलर. मधे सहा वर्षं गेली, बाजार चढला, हे धरलं तरी न चालवलेल्या गाडीला जास्त पैसे मिळतात ही गोष्ट उरतेच. अशा गाडीच्या मालकाला प्रत्येक किलोमीटर महागात पडतो. चालवा म्हणणाऱ्याने हे आधी कबूल करावं. मी करतो. चालवल्याने पैसे कमी होतात. तरीही चालवावी असं माझं मत आहे.

कारण ती किंमत आली कुठून? ३९० किलोमीटर चाललेल्या गाडीने ती कमावलेली नाही. जून १९९५ मध्ये फ्रान्समधल्या ल मानची चोवीस तासांची शर्यत याच गाडीच्या शर्यतीच्या रूपाने जिंकली. रात्रभर पाऊस होता. जे. जे. लेटो, यानिक दाल्मास आणि जपानचा मासानोरी सेकिया आळीपाळीने चालवत होते. पहिल्या पाचांत चार एफ वन होत्या, आणि त्याही मूळ रस्त्यासाठी बनवलेल्या आराखड्याच्या. त्या रात्री त्या चाकांनी जे रबर झिजवलं, त्याच्यावर आज गोदामात उभ्या असलेल्या गाडीची किंमत उभी आहे. फेरारी २५० जीटीओचं तेच. १९६२ ते ६४ या काळात ३६ बनल्या, शर्यतीत उतरवण्यासाठीच. शर्यतीतली सद्दी संपल्यावर त्या इतक्या स्वस्त झाल्या, की एक गाडी टेक्सासमधल्या एका शाळेला देऊन टाकली होती, मुलांना इंजिनचं काम शिकवायला. २०१८ मध्ये एक जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन याने त्याची जीटीओ १९७७ मध्ये ४० हजार पौंडांच्या आत घेतली, आणि तो ती आजवर चालवतो, शर्यतीत उतरवतो, घरच्यांनाही चालवायला देतो. जीटीओ म्हणजे काय हे लोकांना कळतं ते अशा माणसांमुळे. न चालवणारा मालक त्यांच्या कष्टांवर व्याज खातो.

आणि जगातल्या सगळ्यात महाग गाडीची गोष्ट तर ऐकाच. १९५५ ची मर्सिडीज ३०० एसएलआर कूपे, दोनच बनल्या. त्यातली एक २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोला विकली गेली. त्या बनवणारा इंजिनीअर रुडॉल्फ उलेनहॉट अशी गाडी ऑफिसला जायला-यायला वापरायचा. आवाज फार म्हणून तिला मोठा सायलेन्सर बसवला होता, एवढंच.

"पण जपली म्हणून तर टिकली ना?" असं विचारलं जातं. इथे मला माझ्या घरातली गोष्ट सांगायला हवी. ती स्पोर्ट्स कारची नाही, पण लोखंड आणि रबर सगळीकडे सारखंच वागतं.

वडिलांची १९७६ ची प्रीमियर पद्मिनी. हँडलला गिअर, पुढे सलग सीट. वडिलांचे गुडघे गेल्यावर ती पार्किंगमध्ये आठ वर्षं उभी होती. टाकून दिली होती असं नाही. वर कापडी कव्हर, खाली फरशी, दर दिवाळीला पुसणं. महिन्या-दोन महिन्यांनी मी खाली जाऊन पाच मिनिटं स्टार्ट करायचो आणि मला वाटायचं की मी गाडी जपतोय. नंतर बॅटरी बसली आणि तेही थांबलं. शेवटी नाना पेठेतल्या आमच्या जुन्या मेकॅनिकला आणलं, तेव्हा एकेक कळत गेलं. टायर खालून चपटे पडले होते. नक्षी नव्यासारखी, पण रबर कडक होऊन कडेला भेगा. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसलेली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. त्या पाण्याने व्हील सिलिंडर आतून गंजून चारही चाकं धरलेली. टाकीतल्या पेट्रोलची राळ होऊन कार्बोरेटरचे जेट बुजलेले. ऑइल सील कोरडी पडून चिरलेली. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. आणि ज्या पाच मिनिटांच्या स्टार्टबद्दल मला अभिमान होता, त्याने सायलेन्सर आतून सडवला होता. इंजिन पुरतं तापलं नाही की आत साचलेली वाफ बाहेर पडत नाही, तिचं पाणी होऊन पत्रा खातं. मेकॅनिक म्हणाले, "साहेब, रोज सासवडला जाऊन आली असती तर यातलं निम्मंसुद्धा झालं नसतं."

एफ वनचं वेगळं काही नाही, फक्त खर्च मोठा. तिची पेट्रोलची टाकी रबरी पिशवीची आहे. ती दर पाच वर्षांनी बदलायची असते, गाडी चालो न चालो, आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं. म्हणजे उभी गाडीही झिजतेच. चालणारी गाडी झिजली तर त्या बदल्यात काहीतरी मिळालेलं असतं.

आपल्याला हे गाडीच्या बाबतीत सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं, कारण बाकी सगळ्या वस्तूंच्या बाबतीत आपल्या घरांत हे माहीत आहे. पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की घडीवर चिरते. म्हणून आजी ती वर्षातून एकदा तरी नेसायची आणि उलटी घडी घालून ठेवायची. विहिरीला उपसा हवा, नाहीतर पाण्याला वास येतो. कोकणातलं बंद घर दोन पावसाळ्यांत वाळवी धरतं, आणि शेजारचं त्याहून जुनं, रोज चूल पेटणारं घर ताठ उभं असतं. तंबोरा वाजता ठेवावा लागतो. या वस्तू वापरायच्या होत्या म्हणून त्या जपल्या गेल्या, आणि जपणं हा वापराचाच भाग होता.

गाडी चालण्याबरोबर आणखी एक गोष्ट टिकते, ती म्हणजे माणसांच्या हातातलं काम. आमचे मेकॅनिक कार्बोरेटर कानाने लावतात. स्क्रू पाव आटा फिरवतात, ऐकतात, पुन्हा फिरवतात. हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या मुलाने हे शिकावं यासाठी महिन्यातून दोन-चार कार्बोरेटरच्या गाड्या दारात यायला हव्यात. उभी गाडी दारात येत नाही. मॅक्लारेनचंही असंच आहे. एफ वनची सर्व्हिसिंग करायला १९९० च्या दशकातले कॉम्पॅक कंपनीचे लॅपटॉप लागतात, आणि कंपनीने ते कित्येक वर्षं जपून, शोधून ठेवले, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. ते का ठेवले? गाड्या कामाला येत होत्या म्हणून. उद्या सगळ्याच मालकांनी पेबल बीचच्या गाडीचा कित्ता गिरवला, तर ते लॅपटॉप आणि ते चालवणारी माणसं दोन्ही कशाला राहतील? मग चाळीस वर्षांनी एखाद्याला ती चालवावीशी वाटली तरी चालवता येणार नाही. बारा सिलिंडरचा तो आवाज कायमचा गेलेला असेल, आणि गाडी मात्र शोरूम कंडिशनमध्ये असेल.

समोरच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला खरोखर अडवतो. अपघात. २०१२ मध्ये जीटीओच्या पन्नाशीनिमित्त मालकांनी फ्रान्समध्ये सहल काढली होती, तिथे एक जीटीओ दुसऱ्या गाडीला धडकून मोडली. छत्तीसातली एक. पत्रा नवा बसवता येतो, पण १९६२ मध्ये इटलीतल्या मोडेनाच्या कारागिराने हातोडीने ठोकलेला पत्रा पुन्हा मिळत नाही. मूळ रंग, मूळ शिवण, मूळ नटबोल्टवरच्या खुणा हा पुरावा असतो. गाडी कशी बनली ते पुढच्या लोकांना कळावं, म्हणून काही नमुने अस्पर्श राहायलाच हवेत. त्या दोन मर्सिडीजपैकी दुसरी श्टुटगार्टच्या संग्रहालयाकडे राहिली, हे योग्यच झालं. चौसष्टातल्या दोन-तीन एफ वन अशा ठेवा, काच लावा, तिकीट लावा, शाळांच्या सहली आणा. पण तापमान राखलेल्या, कुलूपबंद खासगी गोदामाला संग्रहालय म्हणणं मला पटत नाही. तिथे कुणी काही शिकत नाही, कुणी बघतही नाही. पुढचा गिऱ्हाईक तेवढा बघतो.

म्हणून हा प्रश्न फक्त मालकाच्या मर्जीचा राहत नाही. आपण सगळे मिळून या गाड्यांना सवलती देतो. ब्रिटनमध्ये खासगी गाडी विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. गाडी ही झिजणारी वस्तू, विकताना तोटाच होणार, हा त्यामागचा विचार. आपल्या आयकर कायद्यातही वैयक्तिक वापरातल्या जंगम वस्तू भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती मात्र धरतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गाडी ही वापरायची वस्तू आहे, तिजोरीतला दागिना नाही. मग जी सव्वीस वर्षांत जेमतेम ३९० किलोमीटर चालली, तिला वापरातली वस्तू कसं म्हणायचं? भिंतीवरच्या चित्रासारखी ठेवली असेल तर तिला चित्राचाच नियम लावावा. चालवत असाल तर सवलत खुशाल घ्या, कारण तुम्ही खरोखरच झीज सोसताय. ही मागणी मला साधी आणि रास्त वाटते. पुण्यात गुंतवणूक म्हणून घेऊन वर्षानुवर्षं कुलूप लावलेले फ्लॅट आपण बघतो, तिथेही मनात हाच प्रश्न येतो. राहायची जागा राहायला न देता तिची किंमत वाढू द्यायची, आणि त्यालाच शहाणपण म्हणायचं.

आपल्या देशाने तर नियमच उलटा केलाय. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. २० हजार रुपये भरायचे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढच्या वेळी ५ हजार. इथवर चांगलंच आहे. जुन्या गाड्यांना पहिल्यांदाच स्वतःची ओळख मिळाली. पण त्याच नियमात आहे की अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. धंद्यासाठी वापरू नये हे मला मान्य. पण मालकाने रविवारी सकाळी बायकोला घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊ नये, हे कशासाठी? ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं झालेल्या गाडीला रस्ता कर माफ आहे, मूळ रचना बदलली नसेल तर वार्षिक तपासणीही माफ, आणि ती रोज चालवायला कायद्याची आडकाठी नाही. गाडी रस्त्यावर येण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्यामुळे तिथल्या खेड्यांतही जुन्या गाड्यांची वर्कशॉप तग धरून आहेत, आणि रविवारी रस्त्यावर जुनी जॅग्वार दिसली तर कुणी थबकत नाही.

धुराचा मुद्दा खरा आहे. जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा किलोमीटरमागे जास्त धूर सोडते. पण हजारो जुन्या गाड्या रोज कामावर न्या, असं कुणीच म्हणत नाहीये. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरची मर्यादा घाला, मीटरची नोंद मागा, ब्रेक आणि धूर दर वर्षी तपासा. त्या मर्यादेत मालकाला कुठेही जाऊ द्या. 'नेहमीच्या वापरासाठी नाही' या शब्दांनी मात्र कायदा मालकाला सांगतोय की गाडी उभी ठेव. ती उभी ठेवली की काय होतं ते मी माझ्या पार्किंगमध्ये पाहिलंय.

ज्याच्याकडे किंमत चढत जाणारी गाडी आहे, मग ती परदेशातली पोर्शे असो की मुंबईतल्या एखाद्या पारशी कुटुंबात तीन पिढ्या असलेली जुनी गाडी, त्याला मला एवढंच सांगायचंय. विमा पुरेसा काढा. पाऊस असेल तर काढू नका. शहरातल्या गर्दीत न्यायची गरज नाही. पण आठवड्यातून एकदा इंजिन नीट तापेपर्यंत, तासभर तरी चालवा. रस्त्याच्या कडेला पोरं थांबली तर आपणही थांबा, त्यांना आत बसू द्या. सीटवर ओरखडा येईल. येऊ द्या. किंमत थोडी उतरेल. ॲटकिन्सनची गाडी दोनदा ठोकूनही तिला ८० लाख पौंड देणारा मिळाला. तुमच्या ओरखड्यालाही गिऱ्हाईक मिळेल. आणि कधीच विकली नाहीत, तर मग ती वाढलेली किंमत तुमच्या काय उपयोगाची?

आमच्या पद्मिनीला यंदा पन्नास वर्षं झाली. आरटीओत दोन वाटा आहेत. 'व्हीए' घ्यायचं, की नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरण. ओळखीचे लोक 'व्हीए' घ्या म्हणतात, त्या पाटीने भाव वाढेल. वडील आता ८१ वर्षांचे आहेत, गाडी चालवू शकत नाहीत, पण रविवारी सकाळी पुढच्या सीटवर बसतात आणि दिवे घाटात तिसरा गिअर कधी टाकायचा ते अजून मला सांगतात. मी नेहमीच्या नूतनीकरणाचा अर्ज भरलाय. पुढच्या मंगळवारी तपासणी आहे, आणि गाडी चालवतच नेणार आहे.